गावची विहीर आणि वर्गातला एक फोन : नव्या शिक्षकांसाठी डिजिटल प्रकल्पाची आखणी

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला प्रशिक्षणात समाजमाध्यमांचा अध्यापनात उपयोग करण्यास सांगितले जाते, आणि त्यातून बहुधा एकच गोष्ट निष्पन्न होते. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो, त्यावर रोज स्वाध्यायाचा फोटो पडतो आणि पालक त्याखाली हात जोडल्याचे चिन्ह टाकतात. यात वावगे काही नाही. मात्र या सगळ्या व्यवहारात मुलाने स्वतः काही घडवले असे म्हणता येत नाही. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडचेही तसेच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा त्यांच्या क्यूआर कोडच्या कामाची जगभर चर्चा झाली आणि अनेक शाळांनी उत्साहाने कोड छापून घेतले. पण कोड स्कॅन करणारे मूल प्रेक्षकच राहते. त्या कोडमागे काय असावे हे मुलाने स्वतः ठरवावे, शोधावे, मांडावे आणि मगच कोड बनवावा, ही या लेखातील प्रकल्पाची दिशा आहे.

विषय म्हणून गावची जुनी विहीर निवडली आहे. विहीर बहुतेक गावांत असते, तिच्यावर मोट हाकलेली किंवा लहानपणी ती पाहिलेली माणसे अजून भेटतात, तिच्यात इतिहास, भूगोल, गणित आणि भाषा एकत्र येतात आणि तिच्याविषयी गावकऱ्यांचे एकमत क्वचितच असते. सहावी ते आठवीचा वर्ग, साधारण तीस मुले, सहा आठवडे, आठवड्याला दोन तासिका आणि एक किंवा दोन फोन एवढ्या सामग्रीवर हे काम होते. प्रत्येक मुलाकडे फोन हवा असा आग्रह धरू नये. पाच मुलांच्या गटाला आळीपाळीने एक फोन मिळाला की एक जण चित्रण करतो, एक प्रश्न विचारतो, एक वहीत टिपतो, आणि कामाची वाटणी आपोआप होते. पाच मुलांच्या हाती पाच फोन दिले की पाच सेल्फी निघतात.

पहिली पायरी : प्रश्न ठरवणे

पहिल्या दोन तासिकांत फोन कपाटात राहू द्यावा. फळ्यावर ‘आपल्या विहिरीविषयी आपल्याला काय माहीत नाही?’ एवढेच लिहावे आणि मुले जे सांगतील ते जसेच्या तसे टिपावे. सुरुवातीला ‘विहीर कोणी बांधली’, ‘कधी बांधली’ असे परीक्षेला शोभणारे प्रश्न येतात. थोडे थांबल्यावर खरे प्रश्न बाहेर पडतात : दगडांवर एवढ्या खोल खाचा कशाच्या, आता तिच्यातले पाणी कोणी का पीत नाही, पूर्वी पाणी भरायला सगळ्यांना परवानगी होती का. शेवटचा प्रश्न अवघड असला तरी तो पुसू नये. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला हे मुलांनी पुस्तकात वाचलेले असते. तोच प्रश्न आपल्या गावाला विचारता येतो हे त्यांना येथे प्रथमच उमगते. मात्र उत्तर मिळवायला मुलांना एकटे पाठवू नये, शिक्षकाने सोबत असावे.

प्रत्येक गटाने एकच प्रश्न घ्यावा. तीन प्रश्न घेणारा गट शेवटी इंटरनेटवरून उतारा उचलतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी : संमती आणि ग्रुपची शिस्त

पालक सभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत प्रकल्प आधी मांडावा आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. संमतीपत्रात ‘मुलाचा फोटो वापरण्यास हरकत नाही’ असे मोघम वाक्य नको. मुलाचा आवाज वापरणार की चेहरा, तो वर्गात दाखवणार, पालकांच्या ग्रुपवर टाकणार की सर्वांसाठी खुला ठेवणार, आणि काढून टाकायचा असल्यास कोणाला सांगावे, हे वेगवेगळ्या ओळींत विचारावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, आणि बालकाची माहिती डिजिटल सेवांनी हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी असे तो कायदा सांगतो. व्हॉट्सॲपच्या अटींप्रमाणे तेरा वर्षांखालील मुलाला स्वतःचे खाते काढता येत नाही. त्यामुळे सहावी-सातवीच्या मुलांना स्वतःची खाती काढायला लावणे टाळावे. ग्रुपवर पालकांचे क्रमांक असावेत आणि प्रसिद्धीसाठी शाळेचे एकच खाते असावे, ज्याचा पासवर्ड मुख्याध्यापक आणि आणखी एका शिक्षकाकडे राहील.

ग्रुपमध्ये संदेश पाठवण्याची मुभा सुरुवातीला केवळ ॲडमिनना ठेवावी आणि आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळी, ती सर्वांसाठी खुली करावी. एरवी सकाळच्या शुभेच्छा, लसणाचे औषधी उपयोग आणि हरवलेल्या पाकिटाची छायाचित्रे यांत मुलांचे काम पहिल्या आठवड्यातच बुडून जाते.

तिसरी पायरी : विहिरीवर जाणे

विहिरीवर जाताना दोन मोठी माणसे सोबत असावीत, कठड्यापासून किती अंतरावर थांबायचे ते चुन्याच्या रेघेने आखून घ्यावे आणि पायऱ्या असल्या तरी मुलांना खाली उतरू देऊ नये. शेवाळलेल्या पायरीवर फोनच्या पडद्याकडे पाहत उतरणारे मूल ही या प्रकल्पातील सर्वांत मोठी जोखीम आहे, आणि तिच्यापुढे इंटरनेटवरचे धोके बरेच दूरचे वाटतात.

खोली मोजण्यासाठी शिक्षकाने दोरीला दगड बांधून ती सोडावी. दोरीची जेवढी लांबी ओली झाली, तेवढी पाण्याची खोली. आमच्या एका विहिरीचा व्यास ६ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर भरली. आठवीच्या मुलांनी वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र लावले आणि उत्तर सुमारे ११३ घनमीटर, म्हणजे १ लाख १३ हजार लिटर आले. आकड्याने कोणी फारसे हलले नाही. मग एका मुलीने त्याला दहा हजार लिटरच्या टँकरने भागले आणि उन्हाळ्यात गावात येणारे टँकर ज्यांनी रांगेत उभे राहून पाहिले आहेत अशी सगळी मुले ‘अकरा टँकर!’ म्हणून एकदम बोलू लागली. पुढे त्या गटाच्या चित्रफितीचे नावही तेच ठरले.

फोटो काढताना तीन गोष्टी शिकवाव्यात. फोन आडवा धरावा. विहिरीचा आकार कळावा म्हणून चौकटीत एखादी ओळखीची वस्तू, उदाहरणार्थ घागर, ठेवावी. आणि मुलांचे चेहरे नसलेले किमान दहा फोटो वेगळे काढावेत, कारण पुढे सर्वांसाठी खुले करता येतील असे तेच असतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यातील स्थळाची नोंद पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. विहिरीच्या फोटोसाठी ही दुसरी पद्धत उपयोगी आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने कोणाच्या घराच्या किंवा अंगणातल्या मुलाच्या फोटोसाठी ती टाळावी. फोटोबरोबर पत्ताही जाऊ शकतो हे मुलांना या एका उदाहरणातून जितके समजते, तितके सायबर सुरक्षेच्या तासाभराच्या भाषणातून समजत नाही.

चौथी पायरी : जुन्या माणसांशी बोलणे

प्रकल्पाचा जीव येथे आहे, म्हणून त्याला दोन आठवडे द्यावेत. मुलाखतीला जाण्याआधी वर्गात एकमेकांच्या मुलाखती घेऊन सराव करावा, कारण मुले पाठ केलेला प्रश्न विचारतात आणि उत्तर संपण्याआधीच पुढच्या प्रश्नावर जातात. ‘मग?’ आणि ‘म्हणजे कसं?’ हे दोन प्रश्न सर्वांत उपयोगाचे असल्याचे त्यांना सांगावे. ध्वनिमुद्रण घरातच करावे, पंखा बंद करून. फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, उशीवर किंवा घडी केलेल्या गोधडीवर ठेवला की टेबलाची खडखड येत नाही. सुरुवातीला मुलाने तारीख, ठिकाण आणि ‘आजी, तुमचं बोलणं आम्ही नोंदवून घेऊ का?’ हा प्रश्न म्हणावा, म्हणजे संमतीही त्याच फाइलमध्ये राहते.

मोटेविषयी विचारले की शब्दांची पोतडीच उघडते. नाडा, धाव, थारोळे, पोहरा. एका आजोबांनी धाव म्हणजे काय हे सांगण्यासाठी ताट उलटे घालून त्यावर तांब्या सरकवत नेला : बैल विहिरीपासून दूर उतारावर चालत जातात तेव्हा मोट वर येते, आणि माघारी येतात तेव्हा ती खाली जाते. मुलांना धाव हा शब्द क्रिकेटमुळेच माहीत होता. त्या गटाने पुढे वीस शब्दांचा सचित्र कोश केला, आणि माझ्या मते त्या वर्षीचे ते सर्वांत चांगले काम होते, कारण त्यातले एकही वाक्य कोठून उतरवलेले नव्हते.

बोलीचे काय करावे, हा प्रश्न येथेच येतो. मुले आणि आजोबा ‘हीर’ म्हणतात, पुस्तक ‘विहीर’ म्हणते, आणि फोनवर बोलून टंकलेखन केले की ‘हिरा’ उमटतो. अशा वेळी फोनने सुचवलेला शब्द निमूटपणे स्वीकारू नये, ही डिजिटल साक्षरतेची साधी पण पक्की सुरुवात आहे. बोलणाऱ्याचे शब्द अवतरणात त्याच्या बोलीतच ठेवावेत आणि मुलांचे स्वतःचे निवेदन त्यांना हवे त्या भाषेत असू द्यावे. टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या फोनवर अगम्य चिन्हांत बदलतो आणि शोधूनही सापडत नाही.

काही आज्या विहिरीच्या निमित्ताने ओवी म्हणतात. ती मध्येच थांबवू नये. जात्यावरच्या ओव्या संकलित करण्याचे काम हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातील गावागावांतून केले. लाखाच्या घरातील त्या ओव्यांचा संग्रह आता पारी या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहालयाच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहे. त्यातील दोन-तीन ओव्या वर्गात ऐकवाव्यात. तेथे प्रत्येक ओवीबरोबर म्हणणाऱ्या बाईचे आणि गावाचे नाव दिलेले असते, याकडे मुलांचे लक्ष वेधावे. आपल्या चित्रफितीतही आजीचे नाव, तिची हरकत नसेल तर, यायला हवे हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

पाचवी पायरी : पडताळणी

मिळालेली माहिती खरी की ऐकीव, हे तपासण्याची सवय एका उदाहरणाने लावावी. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर प्रसिद्ध आहे. ती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधली असे सांगितले जाते, आणि अनेक संकेतस्थळांवर व चित्रफितींत तिचा काळ ‘इ. स. १६४१ ते १६४६’ असा दिलेला आढळतो. हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि यात काय खटकते एवढेच विचारावे. चौथीत शिवछत्रपती वाचलेले मूल थोड्या वेळाने सांगते की १६४१ मध्ये शिवाजी महाराजच अकरा वर्षांचे होते. मग त्यांचे नातू शाहू महाराज, ज्यांचा जन्म १६८२ चा, त्यांच्या काळात ही विहीर कशी बांधली जाईल? वर्गात गोंधळ होतो. तो दोन मिनिटे होऊ द्यावा. नंतर दिनदर्शिका काढून शके आणि इसवी सन यांतील ७८ वर्षांचा फरक दाखवावा. १६४१ मध्ये ७८ मिळवले की १७१९ येते, १६४६ मध्ये मिळवले की १७२४, आणि विहिरीचा काळ शाहू महाराजांच्या कारकिर्दीत नेमका बसतो. शके सालाचा आकडा कोणीतरी इसवी सन म्हणून लिहिला आणि इतरांनी तो तसाच उचलला. जानेवारी ते मार्चमधील घटनांसाठी ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात, हेही जाता जाता सांगावे.

दहा ठिकाणी तीच गोष्ट लिहिलेली असली तरी ती एकाच ठिकाणची दहा प्रतिबिंबे असू शकतात, हे या एका आकड्यातून मुलांच्या ध्यानात येते. त्यानंतर त्यांच्या हाती तीन साधने द्यावीत : फोटो मूळ कोठला हे पाहण्यासाठी गुगल लेन्स, पार्श्वभूमी वाचण्यासाठी मराठी विश्वकोश आणि जिल्ह्याचे गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ), आणि गावातला निदान दुसरा एक साक्षीदार. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला आपल्याच विहिरीविषयी विचारून पाहण्याचा खेळही एकदा जरूर खेळावा. आमच्या विहिरीला त्याने थेट हेमाडपंती ठरवून यादवकाळात नेऊन बसवले. मुलांनी लाल पेनाने त्याचे उत्तर तपासले आणि त्याला गुणही दिले.

पालकांसाठी याच टप्प्यावर एक सभा घ्यावी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे भटके लोक होते, आणि त्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. अनेकदा पुढे गेलेल्या संदेशावर व्हॉट्सॲप दुहेरी बाणाची खूण दाखवते. ती खूण कोठे दिसते हे सभेत पालकांना त्यांच्याच फोनवर शोधायला लावावे. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते आणि अडचणीतील मुलांसाठी १०९८ आहे, हे दोन क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावेत.

सहावी पायरी : मांडणी

चित्रफीत करण्याआधी कागदावर सहा चौकटी आखून घ्याव्यात : प्रत्येक चौकटीत काय दिसेल याचे चित्र आणि खाली काय ऐकू येईल याचे एक वाक्य. सहा चौकटींत जे बसत नाही ते वगळावे. लांबी नव्वद सेकंदांपेक्षा अधिक नको. सर्वच गटांनी चित्रफीत करावी असाही आग्रह नको. आवाजाची फाइल, शब्दकोश, नकाशा, सहा फोटोंची मालिका, यांपैकी प्रश्नाला जे साजेल ते निवडू द्यावे. पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटातले गाणे लावण्याचा मोह मुलांना होतोच. ते गाणे दुसऱ्या कोणाचे तरी आहे हे सांगून थांबू नये, तर रहाटाची करकर, घागरीचा बुडबुड आवाज, पारव्यांचे घुमणे असे विहिरीवरचे आवाज मुद्रित करायला पाठवावे. मुले जे घेऊन येतात त्याची सर कशालाच येत नाही.

सातवी पायरी : कोणाला दाखवावे, आणि किती

येथे माझी एक चूक सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षी मी एका मुलाची सुरेख चित्रफीत शाळेच्या खात्यावरून थेट सर्वांसाठी खुली केली. दोन दिवसांत अनोळखी लोकांनी त्याच्या ‘पानी’ म्हणण्याची टिंगल करणाऱ्या प्रतिक्रिया लिहिल्या, आणि त्याच्या आईने त्या त्याच्या आधी वाचल्या. मी चित्रफीत काढून टाकली. तो मुलगा मात्र त्यानंतर कित्येक दिवस वर्गात मोठ्याने वाचायला उभा राहिला नाही.

तेव्हापासून मी पायऱ्या पाळतो. प्रथम वर्गात, मग शेजारच्या वर्गात, मग पालकांच्या ग्रुपवर, आणि त्यानंतर यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’, म्हणजे ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच दिसेल अशा रीतीने. प्रत्येक पायरीवर एक आठवडा थांबावे आणि मुलाला पुढे जायचे आहे का ते विचारावे. नको म्हटले तर कारण मागू नये. चित्रफीत ‘मुलांसाठी बनवलेली’ म्हणून नोंदवली की यूट्यूब प्रतिक्रिया आपोआप बंद करते, पण ती सोय मुलांसाठीच्याच आशयाकरिता आहे. इतर वेळी प्रतिक्रिया स्वतः बंद कराव्यात. लाइक मोजण्याऐवजी पाहणाऱ्याने मुलाला एक प्रश्न विचारावा, असा नियम पालकांच्या ग्रुपवर घालून द्यावा. ‘खूप छान’ लिहिणारे थांबत नाहीत, पण ‘आमच्या वस्तीवरच्या विहिरीला पायऱ्या का नाहीत?’ असा एखादा प्रश्न येतो आणि पुढच्या गटाला काम मिळते.

चेहरे नसलेले विहिरीचे चांगले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर देता येतात. तेथे दिलेला फोटो कोणीही, अगदी व्यापारासाठीही, श्रेय देऊन वापरू शकतो आणि ती मुभा मागे घेता येत नाही, हे पालकांना आधी समजावून सांगावे, कारण फोटोचा हक्क तो काढणाऱ्या मुलाचा असतो. मराठी विकिपीडियावर गावाच्या लेखात विहिरीचा फोटो लावता येतो. आजोबांनी सांगितलेली माहिती मात्र तेथे घालता येत नाही, कारण विकिपीडियाला प्रकाशित संदर्भ लागतो. मुलांना हा अन्याय वाटतो. त्यावर होणारी चर्चा चांगली असते, ती घाईने मिटवू नये.

शेवटची कामे

नोंदी आकारिक मूल्यमापनातील प्रकल्प, तोंडी काम आणि उपक्रम या साधनांखाली करता येतात, त्यामुळे वेगळी कागदपत्रे लागत नाहीत. गुण चित्रफितीच्या झगमगाटाला न देता प्रश्न, टिपणवही आणि पडताळणीला द्यावेत. मूळ फाइली शाळेच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर, गट व तारखेच्या नावाने ठेवाव्यात, आणि मुलांच्या व शिक्षकाच्या फोनमधून त्या पुसून टाकाव्यात.

मग क्यूआर कोड. तो शाळेच्या खात्यावरील एकाच पानाकडे नेणारा असावा, म्हणजे पानावरचा मजकूर पुढे बदलला तरी कोड बदलावा लागत नाही. ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन तो विहिरीजवळ लावताना लॅमिनेट केलेला कागद वापरू नये; आमचा पहिला कोड एका उन्हाळ्यात पांढरा पडला आणि उरलेला पावसाने नेला. गावात गाड्यांच्या पाट्या रंगवणारा पेंटर असेल तर पत्र्यावर चौकोन आखून तो कोड रंगवून देतो. चौकोन अगदी नेमके आखावे लागतात आणि भोवती पांढरी कड सोडावी लागते, नाहीतर फोन कोड वाचत नाही. पाटी भिंतीवर ठोकण्याआधी तीन वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करून पाहावी, त्यांतला एक फोन जुना असावा.